निळ्या फुलदाणीत पाणी कमी मावतं

१

चौथ्या जगातलं पाणी फुलदाणीच्या तोंडावरून भसकन सांडलं, स्टुलावरून ओघळलं आणि माईंच्या पायावर आलं. त्या घरात चोरी झाली आहे हे सगळ्यांत आधी त्या पाण्याने सांगितलं. पण पाण्याचं ऐकतो कोण?

माईंचंही कुणी ऐकलं नाही. तीस वर्षं एक दिवसाआड त्या फुलदाणीत त्या स्वतः पाणी भरत आल्या होत्या. मोजून पाच जग. पाचव्या जगाला पाणी बरोबर गळ्याशी यायचं, थेंब इकडे नाही की तिकडे नाही. आता ते चौथ्यातच उतू गेलं.

"माई, तुझं मोजायचं चुकलं असेल," थोरला म्हणाला.

"माई, तू दमतेस हल्ली," धाकटा म्हणाला आणि त्याने फडक्याने त्यांचे पाय पुसले.

दोन दिवसांनी माईंनी पुन्हा पाणी भरलं. या वेळी चार जग बिनबोभाट मावले आणि पाणी गळ्याशी थांबलं. माईंनी तसं जेवणाच्या टेबलावर सांगितलं, तेव्हा मुलांनी एकमेकांकडे पाहिलं. परवा चौथा जग सांडला, आज चौथा मावला. फुलदाणी काय फुगा आहे, आज एवढी आणि उद्या तेवढी व्हायला?

डॉक्टर येऊन गेले. त्यांनी आजची तारीख विचारली, शंभरातून सात-सात वजा करायला लावले. माई घाबरून दोनदा अडखळल्या. त्यानंतर त्यांनी प्रत्येक गोष्ट चिठ्ठीवर लिहायला सुरुवात केली. गॅस बंद केला. औषध घेतलं. मागचं दार लावलं. ज्या बाईने नवऱ्याच्या मागे सहा वर्षं चिनी मातीच्या भांड्यांचा अख्खा कारखाना सांभाळला, तिच्या उशाखाली असल्या चिठ्ठ्यांची चळत साठली.

मग घरात एक कागद आला. कारखान्याचे सगळे निर्णय यापुढे मुलांनी घ्यायचे, माईंनी आराम करायचा. सही सोमवारी व्हायची होती.

शनिवारी सकाळी माईंनी आपल्या शाळेतल्या मैत्रिणीला फोन केला. "अगं, ये जरा," एवढंच त्या म्हणाल्या.

२

ही मैत्रीण म्हणजे मापबाई. वजन-मापे खात्यात तिने पस्तीस वर्षं निरीक्षक म्हणून काढली होती. तराजूची दांडी कुठे वाकवतात, डब्याला दुहेरी तळ कसा ठोकतात, हे तिला दुकानदारांपेक्षा जास्त ठाऊक होतं. निवृत्त होऊन पाच वर्षं झाली, तरी पिशवीत पितळी लिटरचं माप आणि काचेची उभी मोजनळी असायचीच. "काही बायका लिपस्टिक ठेवतात, मी लिटर ठेवते," असं ती म्हणायची.

समोरच्या खोलीत उंच स्टुलावर फुलदाणी उभी होती. हातभर उंच, आणि रंग तो निळा, जो माईंच्या नवऱ्याने अर्धं आयुष्य खपून कारखान्याला दिला. त्याच्या सगळ्या कामात हिचंच नाव लोकांच्या तोंडी होतं. गळ्यापाशी त्याच्या अंगठ्याचा ठसा होता, ओली असताना उचलली तेव्हाचा. काठाला एक टवका, पोटावर केसासारखी एक चीर.

"ठसा तोच, टवका तोच, चीर तीच," माई म्हणाल्या. "फुलदाणी तीच आहे गं. मीच ती राहिले नाही."

मापबाईने पिशवीतून पितळी माप काढलं. ती म्हणाली, "जग आण."

"जगाचं काय?"

"आधी मापणारं तपासायचं, मग मापलेलं. पस्तीस वर्षं हेच केलं."

जग पांढरा होता, कारखान्यातच बनलेला. मापबाईने तो काठोकाठ भरला आणि पितळी मापात रिकामा केला. एक लिटर. उरलेलं मोजनळीत ओतलं. आठशे मिलिलिटर. तिने जग उलटा केला. तळाशी तीनचा आकडा उमटवलेला होता.

"तुझ्या जगाच्या तळाला कोणता आकडा होता?"

माईंनी डोळे मिटले. हात असे फिरवले, जणू त्या जग घासत होत्या. "चार," त्या म्हणाल्या. "त्याचं टोक रोज बोटाला लागायचं."

मापबाई सरळ कारखान्याच्या कोठारात गेली. फळीवर जग ओळीने मांडलेले होते. चार नंबरचा घेऊन मोजला, तर बरोबर दोन लिटर. म्हणजे तीस वर्षं फुलदाणीत पाच वेळा दोन, दहा लिटर पाणी मावत होतं. ती परत आली, फुलदाणी रिकामी करून घेतली आणि आपल्या पितळी मापाने, कपाळावर आठी न आणता, गळ्यापर्यंत भरली.

सात लिटर. वर तीनशे मिलिलिटरला थोडं कमी.

"तुझं डोकं शाबूत आहे," मापबाई म्हणाली. "पहिल्या वेळी दोन लिटरचा जग होता, चौथ्यात सांडणारच. मग कुणीतरी जग बदलला. एक पूर्णांक आठचे चार भरले, तर सात पूर्णांक दोन. मावणारच. तू दोन्ही वेळा खरं बोललीस."

माईंनी जग उलटा करून तळ पाहिला. "मग खोटं कोण बोललं?"

"फुलदाणी," मापबाई म्हणाली. "ही तुझी नाही."

३

"ठसा त्याचाच आहे!" माई पुन्हा पुन्हा म्हणत होत्या.

मापबाईने उत्तराऐवजी फुलदाणी उचलून जमिनीवर ठेवली. स्टुलावर एक निळं कापड घातलेलं होतं, नवंकोरं.

"हे कधीपासून?"

"मला वाटलं सुनेने घातलं."

"मला वाटलं तुम्ही घातलंत," दारातून थोरली सून म्हणाली. ती शाळेत चित्रकला शिकवायची, शनिवारी अर्धा दिवस, नुकतीच घरी आली होती.

मापबाईने कापड ओढलं. खाली लाकडावर फुलदाणीच्या बुडाचा जुना गोल वळ होता, वर्षानुवर्षं ओलाव्याने उमटलेला. तिने पट्टी लावली. वीस सेंटिमीटर. मग फुलदाणीचं बूड मोजलं. अठरा.

"वीसचे अठरा, म्हणजे दहाचे नऊ. तुमच्या कारखान्यातली माती भट्टीत किती आटते?"

हे सांगायला साचेकाकांना बोलवावं लागलं. साचे बनवण्यात त्यांची चाळीस वर्षं गेली होती आणि भुवयांवरही प्लास्टरची भुकटी कायमची बसली होती. त्यांनी फुलदाणीकडे पाहिलं, अंगठ्याच्या ठशावर आपला अंगठा ठेवला आणि त्यांचा चेहरा उतरला.

"दहा बोटं वस्तू भाजली की नऊ बोटं होते, बाई," ते हळू म्हणाले. "मूळ फुलदाणीवर प्लास्टर ओतून साचा काढला, त्यात पातळ माती ओतली, भाजली. टवका, चीर, ठसा, सगळं जसंच्या तसं उतरतं. फक्त सगळंच दहावा हिस्सा आटतं. ठसासुद्धा. मालकांचा अंगठा माझ्याएवढाच होता. हा तर एखाद्या पोरीचा वाटतोय."

"पण दहावा हिस्साच ना?" सुनेने विचारलं. "मग पाणी जवळजवळ तीन लिटर कमी कसं?"

मापबाई खुलली. असा प्रश्न तिला लाडूसारखा. "दहा ठोकळे लांब, दहा रुंद, दहा उंच असा ढीग रच. किती झाले? हजार. आता तिन्ही बाजूंनी एकेक थर काढ. नऊ नवे एक्याऐंशी, एक्याऐंशी नवे सातशे एकोणतीस. लांबी दहावा हिस्साच गेली, पण ती रुंदीतही गेली आणि उंचीतही गेली. पाण्याला तिन्हींचा फटका बसतो. दहा लिटरचे सात लिटर आणि दोनशे नव्वद. डोळ्याला दहावा हिस्सा कळत नाही गं. शेजारी मूळ वस्तू नसेल तर अजिबात नाही. पाण्याला मात्र कळतं."

तेवढ्यात थोरला आला. भट्टीवरून आला होता, हात काळे. सगळं ऐकल्यावर तो गर्रकन काकांकडे वळला.

"काका," तो म्हणाला, "गेल्या महिन्यात ती चीर दाखवायला फुलदाणी मीच तुमच्याकडे दिली होती. दोन दिवस ती तुमच्या खोलीत कुलपात होती. किल्ली तुमच्याकडे होती."

साचेकाकांनी कंबरेची किल्ली सोडली, टेबलावर ठेवली आणि ते बाहेर निघून गेले.

४

"चोराला किल्ली परत द्यायची सवय नसते," मापबाई थोरल्याला म्हणाली. "आणि फुलदाणी घराबाहेर एकदाच गेली होती का?"

थोरल्याने मान खाली घातली. "त्यानंतर आठवड्याने धाकट्याने नेली होती. कॅटलॉगचे फोटो काढायला. तीन दिवस."

"साचा कुणाकुणाला काढता येतो?"

"काकांना. आम्हा दोघा भावांनाही. लहानपणी काकांनीच शिकवलं. हिला नाही," त्याने बायकोकडे पाहिलं. "मी भट्टीकडे वळलो, धाकटा विक्रीकडे."

म्हणजे तिघे. मापबाई विचार करत अंगणात आली. हा साचा कुणीही काढला असेल, पण जग बदलला तो एकाच माणसाने. तो का बदलला? पाणी सांडलं तेव्हा ज्याला नकलेची खबर होती त्याला पकडलं जायची भीती वाटली. पाच जगांची गणती पुन्हा जमली पाहिजे म्हणून त्याने लहान जग आणून ठेवला. किती लहान? दोनचा एक पूर्णांक आठ. बरोबर दहावा हिस्सा कमी. आणि तरी गणती जमली नाही. ती चारच झाली.

इथे मापबाई थांबली आणि स्वतःशीच हसली. मग एक साधा प्रश्न घेऊन ती फिरू लागली.

साचेकाका आपल्या खोलीत पेटी भरत बसले होते. भिंतीवर त्यांची जुनी पट्टी टांगलेली होती, तिच्यावरचा प्रत्येक सेंटिमीटर मुद्दाम थोडा लांब आखलेला. नवी वस्तू घडवताना तीच वापरायची, म्हणजे आटून बरोबर मापाची निघते.

"काका, घरी माझी दहा इंची कुंडी आहे. तिच्याच घाटाची नऊ इंची घेतली, तर माती किती वाचेल?"

"या घडीला कुंडी सुचतेय तुम्हाला?" काका वैतागले. पण कारागिराला प्रश्न विचारला की उत्तर आल्याशिवाय राहत नाही. "पाव हिस्सा वाचेल. वर थोडी."

थोरला भट्टीपाशी होता. त्याने मानही वर केली नाही. "सत्तावीस टक्के, मावशी. भट्टीत जागा आम्ही त्याच गणिताने धरतो. का?"

"सहज."

धाकटा रस्त्यापलीकडच्या शोरूममध्ये होता. इस्त्रीचा शर्ट, गोड हसू, हातात काचेचं फडकं. मावशीला खुर्ची दिली, पाणी दिलं.

"माईचं फार वाईट वाटतं हो," तो म्हणाला. "काल तर चिठ्ठीवर माझं नाव लिहून ठेवलं होतं तिने. विसरायला नको म्हणून."

मापबाई पाणी प्यायली. मग तिने कुंडीचं विचारलं.

"दहाची नऊ?" धाकटा हसला. "दहावा हिस्सा माती वाचेल! यात काय अवघड आहे, मावशी?"

"काही नाही," मापबाई म्हणाली. "माझ्यासाठी आता सोपं झालं."

५

रविवारी दुपारी चार वाजता समोरच्या खोलीत सगळे जमले. साचेकाकांना सून हाताला धरून घेऊन आली. सोमवारचा कागद टेबलावरच होता, धाकट्याने पेनसुद्धा तयार ठेवलं होतं.

मापबाई उभी राहिली. बाजारात धाड घालायला जाताना जशी उभी राहायची, तशी.

"ही फुलदाणी नक्कल आहे. साचा काढणाऱ्याला माती आटते हे ठाऊक होतं, पण त्याला वाटलं एवढं कुणाला कळणार? खाली कापड घातलं की बुडाचा वळही झाकला. मग पाणी सांडलं आणि तो घाबरला. फुलदाणी दहावा हिस्सा लहान, म्हणजे पाणी दहावा हिस्सा कमी, असा त्याने हिशेब केला आणि दहावा हिस्सा कमी पाण्याचा जग आणून ठेवला. काका हे करणार नाहीत. त्यांना पाव हिश्श्याचा फरक हाताने कळतो. थोरला करणार नाही, तो सत्तावीस टक्के झोपेतही सांगेल. या दोघांपैकी कुणी जग बदलला असता, तर माईच्या पाच जगांची गणती चुकलीच नसती आणि मी इथे आलेच नसते. या घरात साचा येणारा, पण घनफळ न येणारा माणूस एकच आहे."

साचेकाकांनी धाकट्याकडे पाहिलं.

"वा!" धाकटा म्हणाला, पण आवाज चिरकला. "पाढे म्हणवून चोर पकडता? कुंडीचं उत्तर चुकलं म्हणून मी चोर? उद्या न्यायाधीश मुलांना शुद्धलेखन घालतील!"

"उत्तर चुकणं गुन्हा नाही," मापबाई शांतपणे म्हणाली. "पण तेच चुकलेलं उत्तर या जगात भरून ठेवलेलं आहे. कोठारात पाच नंबरांचे जग होते, दीड लिटरहून जरा लहानसुद्धा. तू तीन नंबरचाच का उचललास?"

थोरला उठून धाकट्याकडे निघाला होता, तेवढ्यात माई बोलल्या.

"थांब." त्या धाकट्याकडे वळल्या. रागावल्या नव्हत्या, हेच भयंकर होतं. "कुठे ठेवलीस रे?"

त्याने मावशीकडे पाहिलं, भावाकडे पाहिलं. आईकडे त्याला बघवेना.

"शोरूमच्या माळ्यावर," तो म्हणाला. "गवतात गुंडाळून. मंगळवारी एक संग्राहक घेऊन जाणार होता. मोठ्या शहरात मला दुकान काढून देतो म्हणाला, माझं स्वतःचं. इथे मी कायम धाकटाच राहणार होतो, माई. बाबांच्या हाताची सगळी तारीफ, दादाच्या भट्टीची सगळी तारीफ. मी फक्त विकणारा. विचारूनही तू दिली नसतीस. मला वाटलं, तुला कळणारच नाही. कुणाचं काही बिघडणार नाही."

"फुलदाणी नेलीस ती एकदा," माई म्हणाल्या. "ते मी समजू शकले असते. पण माझं डोकं तू रोज थोडं थोडं नेत होतास. मला कळत होतं काहीतरी जातंय. मी रात्री उठून स्वतःचं नाव लिहून बघायचे, येतंय का म्हणून. आणि सकाळी तू मला विचारायचास, बरी आहेस ना?"

धाकटा रडायला लागला. मोठं माणूस रडतं तसा, बेढब. कुणी त्याला उगी केलं नाही.

थोरला शोरूममधून मूळ फुलदाणी घेऊन आला आणि स्टुलावर ठेवली. ती लाकडावरच्या वळावर अशी बसली, जशी चप्पल ओळखीच्या पायात बसते. साचेकाका जवळ गेले. अंगठ्याच्या ठशावर त्यांनी अंगठा ठेवला. तो पुरता मावला. मग थोरल्याने टेबलावरची किल्ली उचलली, दोन्ही हातांनी काकांपुढे धरली आणि वाकला. काकांनी ती लगेच घेतली नाही, पण घेतली.

"आता पोलीस," थोरला म्हणाला.

"ते मी ठरवीन," माई म्हणाल्या. सोमवारचा कागद त्यांनी चार घड्या घालून सुनेच्या हातात दिला. "शाळेतल्या मुलांना चित्रं काढायला ने. मागची बाजू कोरी आहे." मग त्या धाकट्याला म्हणाल्या, "तू उद्यापासून शोरूममध्ये नाहीस. काकांच्या हाताखाली. साच्यात अर्धं शिकून पळालास, आता पुरं शीक. पण त्याआधी एक काम. माझं डोकं फिरलंय हे तू या कारखान्यात ज्याला ज्याला सांगितलंस, त्या प्रत्येकाला जाऊन खरं सांग. डॉक्टरांनासुद्धा. एकेकाला, तोंडाने. चिठ्ठी चालणार नाही."

"उद्या सांगतो, माई."

"आज रविवारीही पाळी चालू आहे. आत्ता."

तो निघाला. मापबाई आणि माई खिडकीशी जाऊन उभ्या राहिल्या. साचेकाका किल्ली घेऊन आधीच अंगणात उतरले होते; तो त्यांच्यापाशी थांबला, खाली मान घालून काहीतरी पुटपुटला.

"मला काय सांगतोस? मी तर आत्ता तिथेच होतो," काकांचा आवाज आला. "त्या भट्टीवाल्या म्हाताऱ्याकडे जा आधी. आणि त्याला ऐकू कमी येतं, हे लक्षात ठेव."

भट्टी धडधडत होती. म्हाताऱ्याने एकदा कानामागे हात नेला. दुसऱ्यांदा नेला. तिसऱ्या वेळी धाकट्याने छाती भरून श्वास घेतला, आणि त्याचा आवाज अख्ख्या अंगणात घुमला. मळलेल्या मातीवरचे हात थांबले, रंगवणाऱ्या बायकांनी माना वर केल्या.

"माईचं डोकं ठिकाणावर आहे! खोटं मी बोललो होतो!"

"काय?" म्हातारा ओरडला.

खिडकीत माई कितीतरी दिवसांनी हसल्या. "म्हाताऱ्याला पहिल्या वेळेलाच समजलंय," त्या मापबाईला म्हणाल्या. "ओठांवरून कळतं त्याला. असू दे. अजून एकदा सांगू दे."